‘लॉयल’ कोणास म्हणावे?

इंग्रजीतील ‘लॉयल’ या शब्दास आम्ही मराठीत ‘राजनिष्ठ’ हा प्रतिशब्द योजिला, आणि तेथेच घोटाळा झाला. हा शब्द लॅटिन ‘लेगालिस’ पासून फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. ‘लीगल’ हे त्याचेच सख्खे भावंड. अर्थात कायद्यास धरून वागणारा तो लॉयल. राजा त्यात मागाहून येऊन बसला.

बसला तो पुरता ठाण मांडून! दंडविधानाच्या १२४ अ या कलमाने सरकारविषयीची अप्रीती हा गुन्हा ठरविला, आणि अप्रीतीत ‘डिसलॉयल्टी’ ही येते, असे स्पष्टीकरण खाली जोडिले. १८९७ साली लोकमान्य टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लाविला. प्रेम नसणे हाही गुन्हाच! १९२२ साली अहमदाबादेस याच कलमाखाली उभ्या राहिलेल्या गांधीजींनी, प्रीती कायद्याने निर्माण होत नसते, असे न्यायाधीशास रोखठोक सांगितले.

सोलापुरास तर या शब्दाची किंमत चांगलीच ठाऊक आहे. १९३० साली येथील नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला. मे महिन्यात गोळीबार व जाळपोळ झाली, आणि शहर लष्करी कायद्याखाली गेले. डोक्यावरील गांधी टोपीही तेव्हा संशयास पात्र ठरली. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी झाली. नेहमीचा कायदा गुंडाळून ठेवणाऱ्या अंमलापुढे जो मान तुकवी, तोच त्या दिवसांत ‘लॉयल’! शब्दाचा याहून मोठा विपर्यास तो कोणता?

ते कलम १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाबरोबर गेले. शब्दाचा वाकडा अर्थ मात्र राहिला. पक्षात पुढाऱ्याची चूक झाकणारा लॉयल, पेढीवर मालकासाठी खोटी नोंद करणारा मुनीम लॉयल. वास्तविक व्यापाऱ्यांच्या बोलीत ‘इमान’ हा किती चोख शब्द आहे! इमानी मुनीम मालकाचा पैसा राखतो, तशी वहीही राखतो. आमच्या मंत्र्यांची शपथसुद्धा निष्ठा सांगते ती कायद्याने प्रस्थापित झालेल्या संविधानाशी. कोणा व्यक्तीचे नाव तीत नाही.

तेव्हा पेढीवाल्यांस आमची एक सूचना आहे. नोकरास शिफारसपत्र देताना ‘एकनिष्ठ’ असे लिहावयाचे झाल्यास, ‘कशाशी’ हेही त्याच ओळीत लिहावे.