आधी जिभेचा उपवास



गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील एका भावाने राखेच्या बुधवारी सिगारेट सोडली. 20 वर्षांची सवय होती, पण ईस्टरपर्यंत त्याने एकही ओढली नाही. ईस्टरच्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात आम्ही त्याला काय म्हणालो? "काय रे, पोट सुटलं की! उपवास केलास की मेजवानी?" सगळे हसले. तोही हसला.

पावसाळ्यात कळले, त्याच्या खिशात आता आंब्याच्या वासाची व्हेप असते. "ही सिगारेट नव्हे, आणि हिने वजनही वाढत नाही," असे तो म्हणाला. तेव्हा आम्ही त्याला ढोंगी ठरवले. आता तो शेवटच्या बाकावर बसतो आणि अंतिम आशीर्वादाआधीच निघून जातो.

आमच्या मते यात मोठा दोष आमचाच आहे.

निकोटिन भूक मारते आणि शरीराची ऊर्जा जास्त जाळते. ते बंद झाले की भूक परत येते, जिभेला चव येते, रिकाम्या हाताला बिस्किटाचा पुडा सापडतो. पहिल्या वर्षात सरासरी 4 ते 5 किलो वजन वाढते, त्यातले बरेचसे पहिल्या 3 महिन्यांतच. पण त्याच एका वर्षात हृदयविकाराचा जादा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे ज्या पोटाला आम्ही हसलो, ती त्याच्या लढाईची खूण होती.

व्हेपचे समर्थन आम्ही करत नाही. तिच्यात राख नसते, जळणाऱ्या तंबाखूचा धूर नसतो, हे खरे; पण बहुतेक व्हेपमध्ये निकोटिन असतेच. दावे बदलले, खुंटा तोच राहिला. शिवाय 2019 च्या कायद्याने भारतात तिची विक्रीच नव्हे, साठाही गुन्हा आहे. पण हे सारे त्याला समजावून सांगणे वेगळे आणि त्याच्यावर शिक्का मारणे वेगळे.

शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, ही संत पौलाची शिकवण आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना देतो. मंदिराची डागडुजी चालू असताना त्याच्या भिंतींना कोणी हसते का? याकोबाने आपल्या पत्रात जिभेला आगीची उपमा दिली आहे. सिगारेटच्या ठिणगीवर आपण प्रवचने ऐकतो, या आगीवर मात्र क्वचितच बोलतो.

म्हणून एक विनंती. कोणी सिगारेट सोडली, तर त्याच्या वजनाबद्दल अवाक्षरही काढू नका. मिस्सेनंतरच्या चहाला केकसोबत पेरू, केळी, भाजलेले शेंगदाणे ठेवा. संध्याकाळी त्याच्याबरोबर अर्धा तास चाला. चालताना रोझरीही होते. तलफ अनावर झाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगगम घेता येते. सरकारची 1800-112-356 ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे.

येत्या रविवारी आम्ही काहीजण त्या भावाच्या घरी जाणार आहोत. व्हेपचा विषय आम्ही काढणार नाही. आधी त्याची क्षमा मागू. तो आत बोलावील, तर बसू.

आमच्यासाठी प्रार्थना करा.