नातं घरचं, मत गावाचं

निवडणूक लागली की खान्देशात एक वाक्य हटकून कानावर पडतं: "आपला मानूस शे." उमेदवार चुलतभाऊ असो, साडू असो, मामेसासरा असो की नुसता भाऊबंदकीतला, एवढं म्हटलं की पुढे बोलायचं काही उरत नाही, असं धरून चालतात. माझ्या मते बोलणं तिथूनच सुरू व्हायला हवं. मनाला एक उमेदवार पटलाय आणि घराने शब्द दुसऱ्याला दिलाय, अशा पेचात मत आपल्या मनाप्रमाणेच द्यावं. नातं सांभाळायला आयुष्यभर शंभर वाटा मोकळ्या असतात. मतदानाची वाट त्यासाठी नाही.

याविरुद्ध सगळ्यात जड आक्षेप येतो तो हा, की अशाने घर फुटेल. ही भीती खोटी नाही. ग्रामपंचायतीच्या एका निवडणुकीवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोललेले नाहीत, बांधावरची वाट बंद झाली, लग्नाची पत्रिका शेजारच्या दारावरून पुढे गेली, हे जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही गावात बघायला मिळतं. पण घराने एकदिलाने मत द्यावं, असा आग्रह ज्यांच्यासाठी धरला जातो, त्या पुढाऱ्यांच्या घरात काय चाललंय तेही बघावं.

मुक्ताईनगरचंच घ्या. एकनाथ खडसे ऑक्टोबर २०२० मध्ये भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले, तेव्हा सून रक्षा खडसे रावेरच्या भाजप खासदार होत्या आणि भाजपमध्येच राहिल्या. २०२४ च्या लोकसभेला खडसे शरद पवारांच्या पक्षाचे विधान परिषदेतले आमदार होते, तरी भाजपमध्ये परतणार असं सांगून सुनेच्या मागे उभे राहिले. मुलगी रोहिणी मात्र पवारांबरोबरच राहिल्या. रक्षा तिसऱ्यांदा निवडून येऊन केंद्रात राज्यमंत्री झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात रोहिणी मुक्ताईनगरातून विधानसभेला उभ्या राहिल्या त्या महायुतीच्या उमेदवाराविरुद्ध, म्हणजे वहिनी ज्या बाजूला आहेत त्या बाजूविरुद्ध. यात कोणाचा हेतू काय, याची चर्चा चौकाचौकात पुष्कळ झाली आहे. मला तिच्यात शिरायचं नाही. मला दिसतं ते एवढंच, की एका घरातल्या तिघांनी राज्यासमोर तीन भूमिका घेतल्या आणि त्यांना घरबुडवे कोणी म्हटलं नाही. मग ज्या घरात कोणाला पद मिळायचं नाही की तिकीट, त्या घरातल्या पोराने बापाहून वेगळं बटण दाबलं तर त्यानेच घर कसं बुडतं?

पाचोऱ्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०२४ मध्ये तिथे दिवंगत आमदार आर. ओ. पाटील यांच्या कन्या वैशाली सूर्यवंशी ठाकरेंच्या शिवसेनेकडून आणि आर. ओ. पाटलांचेच पुतणे किशोर पाटील शिंदेंच्या शिवसेनेकडून समोरासमोर होते. चुलत बहीण-भाऊ. जो दोघांचाही सोयरा, त्याने काय करावं? 'आपला मानूस' दोन्हीकडे आहे. तिथे नातं काही सांगू शकत नाही. कोणी काय काम केलं, कोण कशाच्या बाजूने उभं राहिलं, हेच बघावं लागतं. हा विचार दोन्हीकडे नातं असताना करता येतो, तर एकीकडेच असताना तो करायला बंदी का?

दुसरं ऐकू येतं ते, एका मताने काय व्हतं! २०१९ मध्ये मुक्ताईनगरला रोहिणी खडसे हरल्या त्या १,९५७ मतांनी. २०२४ मध्ये धुळे लोकसभेत काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपच्या सुभाष भामरे यांना हरवलं ते ३,८३१ मतांनी, सहा विधानसभा मतदारसंघांच्या पसाऱ्यात. आणि ग्रामपंचायतीच्या वॉर्डात तर बरोबरीची मतं पडून चिठ्ठी टाकायची वेळ येते. एका मताला किंमत नसती, तर ते मागायला दारोदार कोणी हिंडलं नसतं.

ते कसं मागतात, हे जवळून पाहण्यासारखं असतं. मतदानाच्या आधी दोन-तीन रात्री ओट्यावर मतदार यादी उघडलेली असते. एक जण नावं वाचतो, दुसरा पेन्सिलीने खुणा करतो. नाव क्वचितच पुरं वाचलं जातं. "नानांचं घर, पाच. बरोबर. आप्पांचं घर, सात. धाकल्याचं काही सांगता येत नाही, पण बाप सांभाळून घेईल." माणसांची यादी वाचता वाचता घरांची होते. त्या पाचांत एक नुकती अठरा पूर्ण झालेली मुलगी असते, एक सत्तरीची आजी असते, गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली सून असते. तिचं नाव माहेरच्या यादीतून इकडे आलं आणि नावाबरोबर मतही आलं, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. तिचं मत नानांनी चहा पिता पिता देऊन टाकलं, हे तिला कोणी कळवतही नाही.

या व्यवहाराची पाठराखण नवी नाही. १८२० मध्ये जेम्स मिल या स्कॉटिश विचारवंताने लिहिलं होतं, की स्त्रियांचं हित बापाच्या किंवा नवऱ्याच्या हितात सामावलेलं असतं, म्हणून त्यांना वेगळं मत देण्याची गरज नाही. पाचच वर्षांत विल्यम थॉम्प्सन यांनी अ‍ॅना व्हीलर यांच्या साथीने पुस्तकभर उत्तर देऊन ते खोडून काढलं. आपल्याकडे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातल्या सुमारे २८ लाख बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच नोंद दिली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्या नोंदी यादीतून काढायला लावल्या. त्यावर टीका झाली, पण मला तो निर्णय योग्यच वाटतो. मतदार म्हणजे अमक्याची कोणीतरी नव्हे, हे तेव्हाच ठरलं. आज नाव यादीत छापलेलं असतं आणि मत अजून अमक्याचं राहिलं आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त भिडतो. उपकाराचं काय? बापाला रात्री दवाखान्यात नेताना त्या काकाने गाडी काढली होती. पोराच्या ॲडमिशनसाठी तोच मुंबईपर्यंत आला होता. आज तो उभा आहे आणि त्याला पाडायचं? हे ऋण खरं आहे आणि जो ते विसरतो त्याच्याबद्दल मला आदर नाही. पण ते फेडायचं कशाने? मत म्हणजे लग्नातला आहेर नव्हे, त्यांनी आपल्याकडे केला म्हणून आपण त्यांच्याकडे करायला. आहेर आपल्या पैशाने होतो. मतातून जे उभं राहतं, त्याची किंमत ज्यांनी माझ्यावर उपकार केला नाही आणि ज्यांच्यावर मी केला नाही, त्यांनाही मोजावी लागते. नळाला आठ दिवसांनी पाणी आलं, शाळेची खोली गळकी राहिली, घरकुलाच्या यादीतून गरजूचं नाव गेलं, तर ते वस्तीतल्या बाईला भोगावं लागतं. माझ्या बापासाठी निघालेल्या गाडीचं भाडं तिने का द्यावं? माझं ऋण मी माझ्या खिशातून, माझ्या अंगमेहनतीने, त्याच्या पडत्या काळात त्याच्या दारात उभं राहून फेडीन.

मग कोणी विचारतं, घरात खोटं बोलायचं का? नाही. बोलायचंच नाही. मत कोणाला दिलं हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९४ वं कलम म्हणतं. त्याच कायद्याचं १२३ वं कलम उमेदवाराच्या बाजूने दिलेली जातीबाहेर टाकण्याची किंवा देवाच्या कोपाची धमकीसुद्धा भ्रष्ट मार्गात धरतं. दडपण रक्ताचं आणि समाजाचंही असतं, हे कायदा करणाऱ्यांना नीट ठाऊक होतं. घरी कोणी विचारलं, तर "ते माझं माझ्यापाशी राहू द्या, भाऊ" एवढं उत्तर पुरतं. तो दगा नव्हे. शब्द देऊन फिरवणं हा दगा, म्हणून आधी शब्दच देऊ नये.

इथे मला दुसऱ्या टोकाच्या मित्रांशीही भांडायचं आहे. ते म्हणतात, नातं-गोतं बाजूला ठेवा, निव्वळ विचारधारा बघा. पण २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, चिन्हं या हातातून त्या हातात गेली, आणि विचाराच्या नावाने मत दिलेला माणूस ते कोणाकडे पोचलं हे शोधत बसला. पक्षाचा झेंडा म्हणजे माझी मतं नव्हेत. तीही तपासूनच घ्यावी लागतात. शिवाय घराला उमेदवाराबद्दल जे कळतं ते कुठल्या पत्रकात नसतं. तो मजुरांचे पैसे वेळेवर देतो का, बायकोशी कसा बोलतो, सोसायटीचं कर्ज कसं फिरवतो, हे भावकीलाच माहीत. ही साक्ष अवश्य ऐकावी, तिच्यावर हुकुमाचा शिक्का तेवढा नसावा. आपलेपणाचंही तसंच. २००७ मध्ये शिवसेनेने भाजपबरोबरच्या आघाडीचा उमेदवार सोडून जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील यांना राष्ट्रपतिपदासाठी पाठिंबा दिला, तो मराठी माणूस म्हणून. खान्देशाला त्याचा आनंद झाला आणि तो गैर नव्हता. कारण १९६२ पासूनची आमदारकी, मंत्रिपदं, राजस्थानचं राज्यपालपद असं तोलून बघायला आपलेपणाच्या पलीकडे पुष्कळ होतं. नुसताच आपलेपणा असेल, तर मात्र हात आखडावा.

हे सगळं एकट्या मतदाराच्या धैर्यावर सोडणं अन्यायाचं आहे. मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळता यायच्या. आता यंत्रामुळे बूथनिहाय आकडे बाहेर येतात आणि दुसऱ्या दिवशी पाड्यावरच्या, गल्लीतल्या लोकांना ऐकवलं जातं, "तुमच्याकडून आम्हाला काही पडलं नाही." लहान बूथवर माणूस हुडकून काढणं अवघड नसतं. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्येच सुचवलं, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला दुजोरा दिला, पण केंद्र सरकारने ते मान्य केलं नाही. जळगाव आणि धुळ्याच्या खासदारांना, पक्ष कोणताही असो, मतदारांनी याबद्दल विचारलं पाहिजे. उमेदवारांनीही ओट्यावर बसून नानांकडे पाच मतं मागणं थांबवावं. घरात पाच मतदार असतील तर पाचही जणांशी बोलावं, सुनेला तिच्या नावाने विचारावं, आणि ती काही म्हणाली नाही तर पेन्सिलीने खूण न करता पुढच्या घरी जावं.