हातानं काय मारतं बे?

आमच्या टीममधल्या तिघांनी यंदा नवा ड्रायव्हर घेतला. (गाडीचा नव्हे, गोल्फचा!) किमती विचारू नका, माझ्या पहिल्या पगाराची आठवण झाली. महिनाभर रेंजवर चेंडू बडवून झाले आणि अंतर? होतं तिथेच.

तर मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. हार्डवेअर बदलायचंच असेल तर आधी स्वतःचं बदला. आठवड्यातून दोनदा जिममध्ये जाऊन बारबेल उचला, मग दुकानात जा.

हिशोब असा. क्लबचा वेग ताशी एक मैलाने वाढला की ड्रायव्हरचा फटका साधारण अडीच यार्ड लांब जातो. पण क्लब वरून खाली चेंडूपर्यंत यायला वेळ लागतो जेमतेम पाव सेकंद. स्नायूला पूर्ण जोर लावायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे नुसती ताकद असून भागत नाही, ती पटकन बाहेर यावी लागते. आणि मुळात ताकदच नसेल, तर पटकन काय येणार, डोंबल? जोर सुरू होतो जमिनीपासून. पाय, मग कंबर, मग खांदे, हात सगळ्यात शेवटी. उभ्या जागेवरून उंच उडी मारणाऱ्यांचा क्लबचा वेगही सहसा जास्त असतो, हे अभ्यासांत दिसलंय. बायसेप्स फुगवणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं.

मला हे कोणा कोचने नाही शिकवलं. महागावला (जि. यवतमाळ) आमच्याकडे गोल्फ कुठला हो! पण बाभळीचं लाकूड फोडायला होतं. दहावीच्या सुट्टीत मी कुऱ्हाड घेऊन घामाघूम झालो होतो आणि ओंडक्यावर साधी खाच पडत नव्हती. मोठे बाबा (बाबांचे थोरले भाऊ) बाजेवरून म्हणाले, "हातानं काय मारतं बे? पायात जोर धर, कुऱ्हाड आपोआप पडते." मग स्वतः उठले आणि दोन घावांत ओंडका उभा चिरला. तेव्हा ते साठीचे होते!

वजनं उचलली की अंग आखडतं, स्विंग बिघडतो, असं क्लबातली जुनी मंडळी अजून सांगतात. दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअरलाही लोक हेच ऐकवायचे. तो व्यायाम करत राहिला आणि १९६५ पर्यंत चारही मोठ्या स्पर्धा जिंकून बसला. अलीकडचं उदाहरण ब्रायसन डीशॅम्बोचं. २०२० मध्ये अंगाने दांडगा होऊन आला आणि यूएस ओपन सहा फटक्यांनी जिंकला. पण पुढे त्याने वजन बरंच उतरवलं आणि २०२४ची यूएस ओपनही जिंकलीच. तेव्हा पैलवान व्हायची गरज नाही, ही त्यातली आपल्या कामाची गोष्ट.

आता माझा मूर्खपणा सांगतो. हे सगळं माहीत असून मी गेल्या वर्षी थेट वेगाच्या मागे लागलो. रोज ऑफिसात दहा तास खुर्चीत बसायचं आणि शनिवारी रेंजवर जीव खाऊन फिरवायचं. तिसऱ्या शनिवारी कंबर धरली. तीन आठवडे मोजे घालायला बायको लागत होती :-)

त्यानंतर क्रम पाळला. पहिले तीन महिने फक्त बैठका आणि डेडलिफ्ट, एका सेटला पाचच, पण वजन हळूहळू वाढवत. मग उड्या आणि मेडिसिन बॉल भिंतीवर कमरेतून फेकणं. सोबत मुद्गल. हसू नका, पकड आणि खांदे यासाठी याच्याइतकं स्वस्त साधन मला तरी सापडलं नाही. इंग्रजांनी ते इथूनच उचललं, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची चक्क स्पर्धा होती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासून उभं आहे. आपण मात्र मुद्गलाचा व्हिडिओ कोणी अमेरिकन दाखवेल तेव्हा बघणार. असो.

सहा महिन्यांत माझा वेग ताशी ८८ मैलांवरून ९४ वर गेला. ड्रायव्हर जुनाच, तोही सेकंडहँड.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मुद्दाम कुऱ्हाड घेतली. मोठे बाबा आता थकलेत, बाजेवरून बघत होते. चौथ्या घावाला ओंडका फुटला. "आता बरं हाय," म्हणाले. मग विचारलं, "जिमचे किती घेतात रे महिन्याचे?"

मी चहा आणायला आत गेलो.