गोड करू नका, प्लीज

परवा शनिवारी ऑफिसचा फोन चक्क गप्प होता, म्हणून ब्रोन्युस कुताविच्युस पुन्हा ऐकायला घेतला. पुन्हा म्हणजे, पहिल्यांदा पाच मिनिटांत बंद केला होता. वाटलं, हेडफोन बिघडलाय.

कुताविच्युस (१९३२-२०२१) हा लिथुआनियाचा संगीतकार. त्याचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट १९८० सालचं: दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. नाव लॅटिन, अर्थ 'नाकतोड्यासोबत एक वर्ष'! छोटे छोटे तुकडे, तेच तेच, हळूच बदलणारे. अशा संगीताला लोक 'मिनिमलिझम' म्हणून मोकळे होतात. मला ते लेबल अर्धवट वाटतं. स्टीव्ह राइश वगैरे अमेरिकन मंडळींशी त्याचं साम्य आहे, पण याची मुळं घरची आहेत.

ईशान्य लिथुआनियात बायकांची जुनी गाणी आहेत, सुतार्तिने. दोघी, तिघी, चौघी मिळून गातात. एक सुरू करते, दुसरी मागून येते आणि दोघींचे आवाज शेजारशेजारच्या सुरांवर एकदम पडतात. म्हणजे सा आणि रे एकत्र! पेटीच्या क्लासात मी असं केलं असतं तर बाईंनी हातावर पट्टी मारली असती. शाळेच्या फिजिक्समध्ये 'बीट्स' शिकलो होतो ना, तीच ती थरथर. आणि गंमत बघा, 'सुतार्ति' म्हणजे एकमत होणं, जुळणं. आपल्याला जे खटकतं, तेच त्यांचं जुळलेलं.

विसाव्या शतकात ही गाणी गावांतून जवळपास संपली. (२०१० साली युनेस्कोच्या यादीत आली, पण ते नंतर.) सोव्हिएत काळात लोकसंगीत सरकारला हवंच होतं, फक्त स्टेजवर शोभेल असं: मोठे ताफे, एकसारखे पोशाख, गुळगुळीत हार्मनी. कुताविच्युसने ते गुळगुळीत केलं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९८३ साली त्याने योत्विंगियन या नामशेष झालेल्या बाल्टिक जमातीवर एक रचना केली. त्यांच्या भाषेचे थोडेच शब्द उरलेत. मूठभर कलाकार गातात, लोकवाद्यं वाजवतात, चक्क दगडावर दगड आपटतात. कोडिंग करताना बॅकग्राउंडला लावायला बिलकूल उपयोग नाही. मी लावून पाहिलं, एक साधी लूप चुकवली.

आपल्याकडे ओवीखाली गिटारच्या चार कॉर्ड्स टाकल्या की 'परंपरा जपली' असं होतं. मित्र म्हणतो, अरे, नाहीतर ऐकणार कोण? मुद्दा खोटा नाही, मीही ते फ्युजन ऐकतो. पण त्यात ओवी आपल्या कानापर्यंत येते, आपला कान मात्र एक पाऊल हलत नाही. आणि ज्या खडबडीत जागेमुळे ती गाण्यासारखी होती, नेमकी तीच आपण पॉलिश करून टाकतो. मग जपलं काय?

असो. ऐकणार असाल तर आधी एखादी सुतार्तिने ऐका, नुसती दोन-तीन बायकांची, वाद्यांशिवाय. मग क्वार्टेट. उलट क्रमाने गेलात तर माझ्यासारखे हेडफोन तपासत बसाल.