विश्लेषण : केनियाच्या सफारीत पर्यटकांची हौस चित्त्यांच्या मुळावर?

जुलै उजाडला की मराठी पर्यटकांचे गटही केनियाच्या वाटेला लागतात. नैरोबीत एक रात्र, मग अंबोसेली, नाकुरू, मसाई मारा अशी सहा-सात दिवसांची धावपळ. परतल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘बिग फाइव्ह’ दिसले का? सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करायला सर्वांत अवघड प्राणी कोणते, यावरून ती ठरली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, पण यादी पूर्ण करण्याची ईर्षा तशीच राहिली.

गर्दीने काय बिघडते?

दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट दरवर्षी गवताच्या शोधात टांझानियातल्या सेरेंगेटीतून मारात येतात. साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये ते मारा नदी ओलांडतात आणि काठावर गाड्यांची रांग लागते. जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीच्या बाजूला पर्यटक गाड्यांतून उतरून काठावर उभे राहिले, कळपाची वाट अडली. ती चित्रफीत जगभर फिरली.

चित्त्यांचे नुकसान मात्र चित्रफितीत दिसत नाही. मारातील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पर्यटक कमी असलेल्या भागात मादी एका वेतातली सरासरी २.३ पिल्ले मोठी करू शकली, गर्दीच्या भागात केवळ ०.२. चित्ता प्रामुख्याने दिवसा शिकार करतो, म्हणजे पर्यटक फिरतात त्याच वेळी. गाड्यांच्या वेढ्यात सावज निसटण्याचा धोका वाढतो.

नियम नाहीत का?

आहेत. एका प्राण्याजवळ जास्तीत जास्त पाच गाड्या, इतर गाड्या थांबल्या असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची, रस्ता सोडून गाडी घालायची नाही. पण वायरलेसवर बातमी आली की सगळे तिकडेच धावतात. चालकाच्या कमाईत टिपचा वाटा मोठा. मागून ‘अजून थोडी पुढे घ्या’ असा आवाज आला की त्याला नाही म्हणणे जड जाते. २०२४ पासून जुलै ते डिसेंबरमध्ये माराचे शुल्क परदेशी पर्यटकाला दिवसाला २०० डॉलर झाले. एवढे पैसे मोजल्यावर ‘दिसलेच पाहिजे’ ही भावना आणखी बळावते.

हे आपल्यालाही नवे नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडलात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी अडवली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

मग जाऊच नये का?

जावे. पर्यटनाचा पैसा थांबला तर गवताळ माळावर कुंपणे आणि शेती येईल. माराभोवतीच्या ‘कन्झर्व्हन्सी’मध्ये मसाई कुटुंबे आपली जमीन भाड्याने देतात आणि तिथे गाड्यांची संख्या मर्यादित ठेवतात. खर्च जास्त येतो, पण पैसा स्थानिकांपर्यंत पोहोचतो आणि गर्दीही टळते.

दोष केवळ चालकाला देऊन भागणार नाही. सहलीची आखणी आपण निवडतो. सहा दिवसांत चार उद्याने असतील तर प्रत्येक ठिकाणी घाई होणारच. नैरोबी ते मारा हाच रस्ता पाच-सहा तासांचा आहे. त्यापेक्षा मारात सलग तीन रात्री राहा. नैरोबीतला दिवस केवळ खरेदीत घालवू नका. शहराला खेटून ११७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान १९४६ पासून आहे. तिथे उंच इमारतींच्या पार्श्वभूमीवर गेंडे चरताना दिसतात.

निघण्यापूर्वी काय पाहावे?

- एका गाडीत किती जण आणि प्रत्येकाला खिडकी मिळणार का, हे बुकिंगआधीच विचारा.
- केनियाची ऑनलाइन प्रवास परवानगी वेळेत काढा.
- पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते.
- चिवडा-लाडू प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत नेऊ नका. तिथे २०१७ पासून बंदी आहे.

आणि पहिल्याच सकाळी चालकाला स्पष्ट सांगा : प्राणी लांबून दिसला तरी चालेल, रस्ता सोडू नका, टिप कमी होणार नाही.