बाबासाहेबांचे शब्द फोटोतून अक्षरांत आणा!



मागच्या भीमजयंतीच्या चार-पाच दिवस आधीची गोष्ट. बडनेऱ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात पोरांची भाषणाची तयारी चालू होती. बारावीतल्या एका पोराने लिहून आणलेला कागद माझ्या हातात दिला. विषय त्याने स्वतःच निवडला होता, 'बाबासाहेब आणि अमरावती'. मला बरे वाटले. कागदाच्या मधोमध बाबासाहेबांच्या तोंडी घातलेला एक लांबलचक परिच्छेद होता. १९२७ च्या अमरावतीच्या परिषदेत बाबासाहेब असे म्हणाले, असा दावा. वाचता वाचता 'महिला सक्षमीकरण' हा शब्द आला आणि मी थांबलो. हा शब्द अलीकडच्या सरकारी योजनांचा. १९२७ साली बाबासाहेबांच्या तोंडी तो कुठून येणार?

"हे कुठून घेतलं रे?"

"मोबाइलले इचारलं न दादा. त्यानंच लेहून देल्लं."

"अन् पुस्तकात पाह्यलं काय?"

"पुस्तक कोठी भेटते? नेटवर पाह्यलं त नुसते फोटूच हायेत."

पोराला रागवायचे म्हणून मी तोंड उघडले होते, पण शेवटच्या वाक्याने गप्प झालो. कारण पोरगा खरे बोलत होता.

नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत वऱ्हाड अस्पृश्य परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते, हे आपल्या भागातल्या जुन्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा अमरावतीत पेटलेला होता. महाडचा पाण्याचा सत्याग्रह त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता आणि मनुस्मृतीचे दहन डिसेंबरात व्हायचे होते. म्हणजे चळवळीच्या सर्वांत तापलेल्या वर्षात बाबासाहेब आपल्या गावात येऊन गेले. आता मोबाइल काढा आणि ते तिथे नेमके काय बोलले ते मराठीत शोधा. जयंतीचे बॅनर सापडतील, 'सुविचार' सापडतील, कुणीतरी कुणाचे उतरवलेले लेख सापडतील. मूळ शब्द लवकर हाती लागत नाहीत. याचा दोष एकट्या मोबाइलला देऊन चालणार नाही.

हे यंत्र कसे चालते ते आधी समजून घेऊ. चॅट करणारे हे नवे सॉफ्टवेअर ग्रंथालयातल्या माणसासारखे कपाटातून पुस्तक काढून उतारा दाखवत नाही. कोट्यवधी पाने त्याला वाचायला घातलेली असतात आणि त्यावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज ते बांधते. काही यंत्रे इंटरनेटवर शोधही घेतात, पण त्यांनाही जे अक्षरांच्या रूपात आहे तेच नीट सापडते. ज्या विषयावर मजकूर भरपूर, तिथे अंदाज बरा येतो. ज्या विषयावर मजकूर तुटपुंजा, तिथे ते पोकळी भरते, आणि तीही पूर्ण आत्मविश्वासाने. पोराच्या कागदावर तेच झाले होते.

मग मराठीतले बाबासाहेब यंत्राला का सापडत नाहीत? ते लिहिलेलेच नव्हते काय? उलट आहे. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक', १९२७ ला 'बहिष्कृत भारत', पुढे 'समता', १९३० ला 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. ज्याला इंग्रजी येत नाही अशा माणसासाठी बाबासाहेबांनी आयुष्यभर मराठीत पत्रे चालवली. 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले तेव्हा ते उभे राहिले. 'केसरी'ने तर पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे समग्र लेखन खंडांत छापायला घेतले. आपल्या विदर्भाचे वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. अठराव्या खंडाच्या तीन भागांत मराठी भाषणे आहेत. पण छपाई अशी रखडली, की २०२१ च्या डिसेंबरात 'लोकसत्ता'च्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

इंग्रजी जाणणाऱ्याचे तरी बरे आहे. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टिपांसह आहे. एक शब्द टाका, वाक्य समोर. इंग्रजी खंडांच्या पीडीएफही मिळतात. मराठीत मात्र बहुतेक ठिकाणी आपल्या हाती पडतो तो स्कॅन, म्हणजे पानाचा फोटो. फोटोतले अक्षर डोळ्यांना दिसते, शोधयंत्राच्या हाती लागेलच असे नाही.

दुसरी अडचण आपण स्वतः तयार केली आहे, ती म्हणजे फॉन्ट. गेली तीस वर्षे आपली पत्रके, स्मरणिका, मासिके, धम्मपरिषदांचे अहवाल कुठे टाइप झाले? डीटीपीच्या दुकानात, पेजमेकरवर, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. या फॉन्टची गंमत अशी, की पडद्यावर 'जय भीम' दिसते, पण संगणकाच्या पोटात साठलेली असतात इंग्रजी अक्षरे. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा सदरा घालतो. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडली की सदरा गळून पडतो आणि नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. 'क'चा क्रमांक ०९१५ म्हणजे बडनेऱ्यातही तोच आणि न्यूयॉर्कमध्येही तोच. ही सोय कालची नाही. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आली होती. आपल्या दुकानांपर्यंत आणि आपल्या सवयीपर्यंत ती पोचायला इतकी वर्षे लागली, आणि त्या वर्षांतला आपला किती मजकूर बंद पडलेल्या संगणकांत कुजला याची मोजदाद कुणाकडे नाही.

तिसरी अडचण म्हणजे आपले फॉरवर्ड. निळ्या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली चार ओळी, ना पुस्तकाचे नाव, ना पान, ना तारीख. आपण न वाचता शंभर ग्रुपवर ढकलतो. एक साधे उदाहरण घ्या. आपण बॅनरवर 'संघर्ष करा' शेवटी लिहितो. नागपूरच्या १९४२ च्या मूळ इंग्रजी भाषणात 'संघटित व्हा' शेवटी आहे. यावर वाद घालायला हरकत नाही, पण वाद घालायचा तर मूळ भाषण समोर हवे. जो समाज आपल्या नेत्याचे शब्द तपासून घेत नाही, त्याच्या नेत्याच्या तोंडी कुणीही काहीही घालू शकतो. आज एक भोळे पोरगे मोबाइलला विचारते. उद्या निवडणुकीच्या तोंडावर कुणी मुद्दाम बनवून पसरवेल, तेव्हा खोडून काढायला आपल्या हातात काय असेल? निळा फोटोच?

आता मुख्य मुद्दा. हे काम करायला कुणाची परवानगी लागते? भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. कुणीही टाइप करावे, छापावे, नेटवर ठेवावे. पण दोन गोष्टींची काळजी घ्या. जे लेखन त्यांच्या पश्चात पहिल्यांदा छापले गेले त्याची साठ वर्षे छापल्यापासून मोजतात. 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ ला आले, त्यामुळे त्याचा हिशोब वेगळा. आणि इंग्रजीवरून मराठीत केलेल्या अनुवादावर अनुवादकाचा हक्क असतो. तसेच हयात असलेल्या आपल्या कवी-लेखकांची पुस्तके स्कॅन करून फुकट वाटू नका. त्यात क्रांती कसली? आपल्याच माणसाच्या पोटावर तो पाय आहे.

काही मित्र म्हणतील, "आपण टाइप करायचे आणि मोठ्या कंपन्यांनी ते फुकट गिळून पैसा कमवायचा, हे काय आंबेडकरवादी काम झाले?" प्रश्न रास्त आहे, मी उडवून लावणार नाही. कंपन्या घेणारच. पण आपण मजकूर ठेवला नाही म्हणून त्यांची यंत्रे आपल्याविषयी बोलायची थांबणार नाहीत. ती तेव्हाही बोलतील, फक्त इतरांनी आपल्याविषयी जे लिहिले त्याच्या आधाराने. जातीवर, आरक्षणावर, धर्मांतरावर नेटवर कुणी किती आणि काय लिहून ठेवले आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. 'मूकनायक' हे नाव बाबासाहेबांनी उगाच ठेवले नव्हते. आपण मुके राहिलो तर आपल्या वतीने दुसराच बोलतो, हा शंभर वर्षांचा अनुभव आहे. शिवाय हे काम मुळात यंत्रासाठी नाहीच. ते त्या बारावीच्या पोरासाठी आहे.

दुसरे मित्र म्हणतील, "रस्त्यावरची लढाई सोडून टायपिंग करत बसू काय?" सोडा असे कोण म्हणते? पण आठवा, बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला होता. तोच पुढे बुद्धभूषण प्रेस झाला. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले आणि तो प्रेसही ढिगाऱ्यात गेला. जुलैत हजारो लोक मुंबईत रस्त्यावर उतरले. उतरायलाच हवे होते. पण ज्या कागदाची एकच प्रत असते, तो एका रात्रीत नाहीसा होतो. ज्याच्या दहा हजार प्रती दहा हजार मोबाइलमध्ये आहेत, त्यावर बुलडोझर चालत नाही.

तर करायचे काय? माझा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक विहारात आठवड्यातून दोन तास. पैसा लागत नाही, दोन-तीन मोबाइल आणि एक जुना लॅपटॉप पुरे.

पहिले काम जमवण्याचे. घराघरांतल्या पेट्यांत, माळ्यावर 'जनता', 'प्रबुद्ध भारत'चे जुने अंक, परिषदांची पत्रके, जलशाच्या वह्या वाळवी खात आहेत. आजोबांना, आजीला विचारा. कागद घरातून हलवू नका. दिवसाच्या उजेडात, पान सपाट ठेवून, सावली पडू न देता तिथेच फोटो घ्या. फाइलला नाव द्या, अंक आणि तारीख टाका. 'आयएमजी' आणि पुढे आकडे, असे ठेवले तर महिन्याभराने तुम्हालाही कळणार नाही ते काय आहे.

दुसरे काम फोटोतून अक्षरे काढण्याचे. त्यासाठी टेसरॅक्टसारखे मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखते. पण जुन्या छपाईत ते चुकते. 'ध'चा 'घ' करते, 'भ'चा 'म' करते, आणि मग 'भीम'चा 'मीम' होतो. म्हणून माणूस हवाच. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने दुरुस्त करावे, तिसऱ्याने पुन्हा ताडून पाहावे. आणि एक नियम कडक पाळा. मूळात 'नाहीं', 'त्यांत', 'कीं' असे अनुस्वार असतील तर तसेच ठेवा. आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे बाबासाहेबांना 'सुधारू' नका. तीच जुनी ठेवण उद्या बनावट उतारा ओळखायला कामी येईल.

तिसरे काम ठेवण्याचे. मराठी विकिस्रोत हे खुले ग्रंथालय त्यासाठी तयारच आहे. तिथे एका बाजूला पानाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला टाइप केलेला मजकूर दिसतो. न तपासलेले पान लाल, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. कुणी शब्द बदलला तर कधी आणि काय बदलले हे सगळ्यांना दिसते. तिथे काही चढवण्याआधी ते पान आधीच कुणी केले आहे का ते पाहा, म्हणजे मेहनत दुप्पट होणार नाही.

आणि डीटीपीवाल्या भावांनो, यंदाच्या जयंतीचे पत्रक युनिकोडमध्येच करा. ग्राहकाने मागितले नाही तरी करा.

त्या पोराचे काय झाले, हे सांगायचे राहिले. तो परिच्छेद त्याने खोडला. आम्ही दोघांनी अमरावतीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या कपाटातून भाषणांचा खंड मिळवला. पोराने दोन पाने हाताने उतरवून घेतली आणि जयंतीला ती खंड आणि पान क्रमांक सांगून वाचली. टाळ्या नेहमीपेक्षा कमीच पडल्या, जुनी भाषा कानाला जड गेली. पण कार्यक्रमानंतर एक म्हातारे गृहस्थ त्याच्याजवळ आले आणि म्हणाले, "माह्या घरी बी आहे रे एक पेटी. पाह्यतं काय?"

ती पेटी अजून पूर्ण पाहून झालेली नाही. दर रविवारी संध्याकाळी आम्ही बसतो. बडनेरा जंक्शन आहे, गाडी कुठूनही मिळते. या.

जय भीम! जय भारत!