गाणी लावा, पण विचारू नका

आपल्याकडे बातम्यांसाठी खासगी टीव्ही चॅनेल चालतं, वर्तमानपत्र चालतं, यूट्यूबवर तर कुणीही उठून बातमीपत्र सुरू करतो. पण खासगी एफएम स्टेशनला स्वतःची बातमी देता येत नाही, चालू घडामोडींवर कार्यक्रमही करता येत नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावा, ट्रॅफिक सांगा, हवामान सांगा, परीक्षेचे निकाल सांगा. सामुदायिक रेडिओलाही घडामोडींची बंदी आहेच.

डिंगोऱ्यात बसून याचा अर्थ नीट कळतो. जुन्नर तालुक्यात उसात बिबट्याची पिल्लं वाढतात. त्याच्या सवयींवर रेडिओवर खुशाल बोला. पण परवा माणूस गेला, पिंजरा उशिरा का लागला, हे विचारलं की ती झाली चालू घडामोड. टोमॅटोवर कुठलं औषध मारावं ते सांगा; नारायणगावच्या बाजारात भाव कोसळल्यावर पैसे कुणी कमावले, ते विचारू नका. म्हणजे माहिती चालेल, चौकशी नको.

बीबीसीच्या रेडिओ ४ या एकाच स्टेशनवर पहाटे शेतीचा कार्यक्रम असतो, 'मोअर ऑर लेस' नेत्यांनी फेकलेले आकडे तपासतो, 'फाइल ऑन फोर' शोधपत्रकारिता करतो. हे साहेबांचे चोचले वाटत असतील तर १९५६ आठवा. आकाशवाणी आणि युनेस्कोने पुण्यासह पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं उभी केली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, त्यावर वाद घालायचे, प्रश्न कळवायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं मिळायची. आज आपण ज्याला 'इंटरॅक्टिव्ह' म्हणतो, ते याच मातीत सत्तर वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

"आता पॉडकास्ट आहेत की," असं कुणी म्हणेल. आहेत, आणि मीही ऐकतो. पण पॉडकास्टला डेटा लागतो आणि काय शोधायचं ते आधी माहीत असावं लागतं. शिवाय अल्गोरिदम तुम्हाला आवडतं तेच पुन्हा वाढतो. हे आमच्याच धंद्यातलं काम आहे, म्हणून खात्रीने सांगतो. रेडिओ लावून टोमॅटो खुडणाऱ्या बाईच्या कानावर तिने न मागितलेलं काहीतरी पडतं. विविधता म्हणतात ती हीच.

अफवा पसरतील ही भीती असेल, तर त्या व्हॉट्सॲपवर पसरतायतच. रेडिओ स्टेशनला निदान परवाना असतो, पत्ता असतो, चुकलं तर जाब विचारता येतो.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं. २०२३ मध्ये ट्रायने खासगी एफएमला बातम्या आणि घडामोडींसाठी तासाला दहा मिनिटं द्यावीत अशी शिफारस केली. दहाच मिनिटं! टीव्हीला कुणी असं घड्याळ लावलं नाही. ही अट काढा, सामुदायिक रेडिओलाही मोकळीक द्या, आणि आकाशवाणीला प्रत्येक जिल्ह्यात रूपकं करणारी माणसं द्या. मालमत्ता आपली असेल, तर तिच्यावर आपले प्रश्नही वाजले पाहिजेत.